यतिभंग

“बाबा, परत स्टटर होतंय.”

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात हे वाक्य दिवसातून चार-पाच वेळा ऐकू येई. चिरंजीवांची अकरावीची परीक्षा संपली होती. शहरभर गाडी हाकत हिंडण्याचा एक खेळ तो संगणकावर खेळत असे, आणि तो खेळ मधूनच गचके खाई. चित्र क्षणभर थिजे आणि मग एकदम पुढे उडी घेई. वळणावर असलेली गाडी तोवर भिंतीवर आदळलेली असे. या प्रकाराला संगणकाच्या जगात ‘स्टटर’ म्हणतात हे मला तोवर ठाऊक नव्हते. शब्दाचा मूळ अर्थ मात्र चांगलाच ठाऊक होता, कारण मी स्वतः अडखळत बोलणारा माणूस आहे.

हे एवढे वाक्य लिहायला मला पन्नाशी गाठावी लागली. महाविद्यालयात मी गेली अनेक वर्षे मराठी शिकवतो, आणि माझ्या बहुतेक सहकाऱ्यांना याचा पत्ता नाही. त्याचे कारण असे की अडखळणारा माणूस फार लवकर एक कला शिकतो. जो शब्द अडणार आहे तो दोन-तीन शब्द आधीच दिसू लागतो, आणि तिथे पोहोचण्यापूर्वी त्याच्या जागी दुसरा ठेवता येतो. मला ‘क’ आणि ‘श’ अडतात. त्यामुळे वर्गात मी ‘कविता’ न म्हणता ‘रचना’ म्हणतो, ‘शेवट’ न म्हणता ‘अखेर’ म्हणतो. सरांची भाषा भारदस्त आहे असे विद्यार्थी म्हणतात. त्या भारदस्तपणाचे मूळ व्यासंगात नाही, पळवाटेत आहे.

विशेषनामांना मात्र पर्यायी शब्द नसतो, आणि माझ्या गावाचे नावच ‘श’ने सुरू होते. शेलू म्हणजे मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरचे वांगणी आणि नेरळ यांच्या मधले स्टेशन. वांगणीला ठाणे जिल्हा संपतो आणि शेलूपासून रायगड सुरू होतो. कॉलेजात असताना पास संपलेला असला, की दादरच्या तिकीटखिडकीवर मी ‘नेरळ’ म्हणत असे. रांगेतले लोक खोळंबलेले, खिडकीमागचा माणूस घाईत, आणि घशात ‘श’ रुतून बसलेला. त्यापेक्षा एक स्टेशन पुढचे तिकीट काढणे सोपे होते. न केलेल्या प्रवासाचे पैसे मी अशा रीतीने पुष्कळ भरले आहेत.

असो. सांगायचे होते ते संगणकाविषयी.

हे यंत्र आम्ही दोघांनी मिळून २०२१ साली, टाळेबंदीच्या उत्तरार्धात, घरीच जोडले होते. तेव्हा चिपांचा जगभर तुटवडा होता, ग्राफिक्स कार्डांच्या किमती भडकल्या होत्या, म्हणून कार्ड त्यातल्या त्यात स्वस्त घेतले होते. त्यामुळे खेळ अडखळू लागला तेव्हा निदान माझ्यापाशी तयारच होते : कार्ड जुने झाले. खरे सांगायचे तर मला आतून थोडा आनंदच झाला. खेळ चालेनासा झाला तर पोरगा पुस्तकाकडे वळेल, असा एक बाळबोध हिशेब त्यामागे होता. तो काही सांगायला आला की त्याचे वाक्य मी अर्ध्यावर तोडत असे. “कार्ड जुनं आहे. खेळणं कमी कर.”

निदान करणारे आम्ही एकटेच नव्हतो. तालुक्याबाहेरच्या एका दुकानदाराने यंत्र न उघडताच नवे कार्ड सुचवले. खर्च तीस हजारांच्या घरात. वायरिंग करणाऱ्या शेजाऱ्याने दाब कमी-जास्त होतो असे सांगून स्टॅबिलायझर बसवायला सांगितले. माझ्या एका मित्राने विंडोज नव्याने टाकायचा सल्ला दिला. प्रत्येकाचे म्हणणे पटण्यासारखे होते, आणि एकानेही तो खेळ पाच मिनिटे शेजारी बसून पाहिला नव्हता.

हे सारे मला कुठेतरी ओळखीचे वाटत होते. लहानपणी आजी माझ्या जिभेवर वेखंड उगाळून लावत असे. गुरुजींनी तोंडात खडे धरून वाचायला सांगितले होते. एका काकांचे मत होते की धाक कमी पडतो. दुसऱ्यांचे मत, धाक जास्त झाला. आणि सगळ्यांचा मिळून एक सल्ला : “सावकाश बोल.” मी कुठे अडतो, केव्हा अडतो, कुणासमोर अडतो, हे त्यांच्यापैकी कुणी विचारल्याचे आठवत नाही. अडखळणाऱ्याचे वाक्य लोक स्वतःच पुरे करून टाकतात. त्यात दुष्टपणा नसतो. त्यांना ती रिकामी जागा सोसवत नाही. आता माझ्याच मुलाच्या बाबतीत मी नेमके तेच करत होतो, हे समजायला मला आणखी काही आठवडे लागले.

त्याने मात्र एक दोनशेपानी वही घेतली आणि नियम ठरवला. रोज एकच बदल करायचा. खेळातला तोच रस्ता, तीच दहा मिनिटे, आणि मग नोंद. दोन बदल एकदम केले तर गुण कशाने आला ते कळत नाही, असे त्याचे म्हणणे. पोथ्यांचे पाठभेद जुळवणाऱ्या कुठल्याही संपादकाला हे पटेल.

पहिल्या नोंदीतच माझे निदान निकालात निघाले. त्याने चित्राची स्पष्टता आणि तपशील अगदी खालच्या पायरीवर आणून ठेवले. चित्र रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे असते. तेच थकले असेल तर काम हलके केल्यावर खेळ सुधारायला हवा. तो तसूभरही सुधारला नाही. म्हणजे अडथळा कार्डात नव्हता. तीस हजार रुपये वाचले ते या एका संध्याकाळी.

दुसरी नोंद : खेळ जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर होता, तो एसएसडीवर हलवला. नव्या भागात शिरताना येणारे मोठे गचके त्याने कमी झाले, बाकीचे राहिले. तिसरी : रॅमच्या दोन पट्ट्या शेजारशेजारच्या खाचांत बसवल्या होत्या, त्यामुळे दोन्ही एकाच वाहिनीवर पडल्या होत्या. त्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घातल्यावर चाल थोडी सुधारली. ही चूक जोडणी करताना माझ्या हातून झालेली. पट्ट्या मी बसवल्या होत्या. चौथी : दाब खरोखरच घसरला असता तर यंत्र बंद पडले असते किंवा पुन्हा सुरू झाले असते, ते एकदाही तसे झाले नव्हते. स्टॅबिलायझर बाद.

या काळात त्याने पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दाखवणारा एक प्रोग्राम टाकला होता. मी सहज डोकावलो. सरासरी सेकंदाला चौऱ्याहत्तर चित्रे, म्हणजे फ्रेम, उमटत होती. चित्रपटात चोवीसच असतात हे मला ठाऊक होते. मी म्हटले, “चोवीसच्या तिप्पट आहेत की. आणखी काय हवं?”

यावर त्याने वहीत जे गणित करून दाखवले ते मी इथे देतो, कारण माझ्या दृष्टीने या साऱ्या प्रकरणाचे सार त्यात आहे. समजा, यंत्र सेकंदाला ७५ चित्रे देते आहे. आता एका मिनिटात ते चार वेळा अडले, दर वेळी २०० मिलिसेकंद. म्हणजे साठ सेकंदांतले फक्त ०.८ सेकंद गेले. उरलेल्या ५९.२ सेकंदांत ४४४० चित्रे होतात. सरासरी काढा : ७४. पंचाहत्तरचे चौऱ्याहत्तर. कागदावर काहीच घडलेले नाही. पण खेळणाऱ्याने त्या मिनिटात चारदा भिंत खाल्लेली असते.

सेकंदाला साठ वेळा ताजा होणाऱ्या पडद्यावर प्रत्येक चित्राच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. तेवढ्यात पुढचे चित्र तयार नसेल तर पडदा जुनेच पुन्हा दाखवतो. डोळ्याला किती चित्रे आली हे कळत नाही. एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत किती अंतर पडले ते कळते. ही गोष्ट आज खेळांची परीक्षणे लिहिणारे बरेच जण मानतात, पण वर्षानुवर्षे परीक्षणांत सरासरीच छापली जात होती. २०११ साली स्कॉट वॉसन या परीक्षकाने ‘टेक रिपोर्ट’मध्ये लेख लिहून ‘सेकंदाच्या आत’ पाहिले पाहिजे असा आग्रह धरला, आणि तेव्हापासून प्रत्येक चित्राला लागलेला वेळ मोजण्याची पद्धत रूढ झाली. संगणकाच्या क्षेत्रातली ही टीकापद्धतीतली क्रांती मला माझ्या मुलाच्या वहीतून समजली.

आपल्याकडे हे नवे नाही. मंदाक्रांतेत सतरा अक्षरे असतात, आणि चौथ्या व दहाव्या अक्षरानंतर यती. सतराची सतरा अक्षरे भरली, गण बिनचूक जुळले, पण चौथे अक्षर एखाद्या शब्दाच्या पोटात आले आणि तो शब्द मधोमध तुटला, तर ओळ मोजायला बरोबर असते आणि म्हणायला अडखळते. त्याला आपण यतिभंग म्हणतो. ‘छंदोरचना’ शिकवताना मी दर वर्षी हे फळ्यावर लिहितो. लय ही अक्षरांच्या संख्येत नसते, अंतरांच्या नियमितपणात असते, असे वाक्यही टाकतो. ते वाक्य पडद्यावरच्या आलेखात पाहण्याची वेळ मात्र पहिल्यांदाच आली. बराच वेळ सपाट चालणारी रेघ आणि मध्येच भाल्यासारखी वर गेलेली टोके. त्या टोकांकडे मी नको इतका वेळ पाहत राहिलो. माझ्या बोलण्याचा कुणी आलेख काढला असता तर तो असाच निघाला असता. मिनिटाला शब्द पुरेसे. परीक्षेत गुण पुरेसे. नोकरी, संसार, सगळे सरासरीत उत्तम. आणि मधली ती टोके.

अखेर दुखणे सापडले ते पत्नीच्या एका वाक्याने. तिला या यंत्रातले काही कळत नाही आणि कळून घेण्याची इच्छाही नाही. ती फक्त म्हणाली, “याची आदळआपट दुपारीच कशी असते? सकाळी तर गुपचूप खेळत असतो.”

वहीत तारखा होत्या, वेळा नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून त्याने वेळा लिहायला सुरुवात केली. पहाटे खेळ जवळजवळ सुरळीत. दुपारी दोननंतर बारा-पंधरा मिनिटांत गचके सुरू. आमचे घर वरच्या मजल्यावर. एप्रिलमध्ये आमच्या पट्ट्यात पारा चाळिशी ओलांडतो. माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याशी राहतो म्हणून पाहुणे हेवा करतात, पण डोंगराची थंडी डोंगरावरच राहते. खाली स्लॅब रात्री दहापर्यंत ऊब सोडत असतो. मुलाने आकडे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये प्रोसेसरचे तापमान मांडून घेतले. दुपारी पंधराव्या मिनिटाला ते शंभर अंशांना टेकले, आणि त्याच क्षणी प्रोसेसरचा वेग धाडकन खाली आला. थोडे निवल्यावर वेग पुन्हा चढला. पुन्हा तापला, पुन्हा उतरला. आलेखातली टोके आणि वेगाची घसरण एकाखाली एक जुळत होती.

प्रोसेसर फार तापला की जळून जाऊ नये म्हणून स्वतःच आपली गती कमी करतो, अशी त्यात सोयच केलेली असते. म्हणजे जे आम्ही इतके दिवस दुबळेपण समजत होतो ते स्वसंरक्षण होते. मला माझे ‘नेरळ’चे तिकीट आठवले.

रविवारी कॅबिनेट उघडले. आमच्या भागात वीटभट्ट्या आहेत, बांधकामे थांबत नाहीत, डंपर दिवसभर धावतात. प्रोसेसरवरचा पंखा फिरत होता, पण पंखा आणि त्याखालची ॲल्युमिनियमची पाती यांच्या मध्ये तांबूस धुळीचा घोंगडीसारखा एक थर जमला होता. वारा आत जायला वाटच नव्हती. बाहेरून काही दिसत नव्हते. पाती फिरू नयेत म्हणून पंखा बोटाने धरून ब्रशने आणि ब्लोअरने धूळ काढली. हीटसिंक उचलल्यावर खालची थर्मल पेस्ट वाळून खपल्या झालेली दिसली. ती पुसून नवी लावली, वाटाण्याएवढी. पेस्टचा खर्च तीनशे रुपयांच्या आत. त्या दुपारी तापमान पंच्याहत्तरच्या वर गेले नाही.

यानंतर त्याने आणखी एक गोष्ट केली जी मला उलटी वाटली. यंत्र आता ऐंशीच्या पुढे चित्रे देऊ लागले होते, तर त्याने साठावर मर्यादा घालून दिली. मी विचारले, जोर आहे तर दाबायचा कशाला? तो म्हणाला, “कधी नव्वद, कधी पासष्ट, त्यापेक्षा कायम साठ बरे. ठोका चुकत नाही.”

‘ठोका’ हा शब्द त्याने कुठून उचलला ते मला ठाऊक आहे. मी अडखळत असलो तरी आयुष्यात एका ठिकाणी कधीच अडखळलो नाही : कर्जत लोकलमधल्या भजनात. सकाळच्या गाडीत आमच्या डब्यात मंडळी टाळ काढतात, डब्याच्या पत्र्यावर ठेका धरतात, हरिपाठ सुरू होतो. तिथे ‘क’ही अडत नाही आणि ‘श’ही नाही. लहानपणी तो लहान असताना मी त्याला मांडीवर घेऊन त्या डब्यात बसलेलो आहे. अडखळणारी माणसे गाताना किंवा इतरांबरोबर एका सुरात म्हणताना बहुधा अडखळत नाहीत, ही गोष्ट वाचादोषांच्या अभ्यासकांना चांगली परिचित आहे. वेळ राखण्याचे ओझे टाळ उचलतो. आपण फक्त त्यावर पाऊल टाकायचे. ‘सावकाश बोल’ म्हणणाऱ्यांचे चुकत होते ते इथे. प्रश्न वेगाचा नव्हता.

एवढे होऊनही खेळ पूर्ण निर्दोष झाला नाही. नव्या रस्त्यावर पहिल्यांदा शिरताना, पहिला स्फोट होताना, पहिला पाऊस पडताना एक बारीक गचका येतच राहिला. त्याचा शोध घेण्यात आणखी एक आठवडा गेला. प्रकाश, धूर, पाणी कसे दिसावे हे सांगणारे छोटे प्रोग्राम खेळात असतात, त्यांना शेडर म्हणतात. प्रत्येक घरचे कार्ड वेगळे, त्याचा ड्रायव्हर वेगळा; म्हणून या शेडरांचा त्या कार्डाच्या भाषेत अनुवाद त्या त्या घरीच करावा लागतो. काही खेळ हे काम सुरुवातीलाच उरकतात. काही मात्र प्रसंग येईल तसे करतात, आणि तेवढा वेळ चित्र थांबते. एकदा झालेला अनुवाद साठवून ठेवला जातो, त्यामुळे दुसऱ्या खेपेला तिथे अडत नाही. ड्रायव्हर बदलला की सगळे पुन्हा पहिल्यापासून.

“मग याला उपाय काय?” मी विचारले.

“आपल्या हातात नाही. पहिल्यांदा होणारच. तो काही बिघाड नाही, बाबा. ते फक्त पहिल्यांदा वाचतंय.”

मी गप्प राहिलो. त्याने वहीत ती नोंद वेगळ्या शाईने केली आणि मग वर न बघता म्हणाला, “तू फोनवर स्वतःचं नाव सांगत नाहीस. ‘मी बोलतोय’ म्हणतोस. मला माहीत आहे.”

“केव्हापासून?”

“पहिल्यापासून. त्यात काय?”

तीस वर्षे राखलेले गुपित ज्याच्यापासून राखले त्याला पहिल्यापासून ठाऊक होते. या वेळी त्याचे वाक्य मी तोडले नाही. पण त्याला पुढे काही बोलायचेही नव्हते. त्याने खेळ सुरू केला, आणि मी प्रथमच शेजारी खुर्ची ओढून पूर्ण दहा मिनिटे तो पाहिला. रस्त्यावर पाऊस पडत होता. खेळ बरा होता.

जूनमध्ये एका परिसंवादाहून परतताना पास जवळ नव्हता. तिकीट आता फोनवरही निघते. खिडकीवर जाण्याची सक्ती कुणावर नाही. तरी दादरला मी रांगेत उभा राहिलो. खिडकीशी पोहोचलो तेव्हा शब्द आधीच दिसू लागला होता, आणि त्याच्या शेजारी नेहमीचा दुसराही. मी पहिलाच धरला. तो अडला. किती वेळ अडला ते सांगता येणार नाही. आतून तो काळ फार लांब असतो, आलेखात कदाचित सेकंदभराचा निघेल. मागून कुणीतरी चुकचुकले. खिडकीमागच्या बाईंनी मान वर केली, पण वाक्य पुरे केले नाही, थांबल्या. मग “शेलू” असा शब्द बाहेर आला, त्यांनी तिकीट सरकवले, आणि मी सुटे पैसे मोजत बाजूला झालो.

पुढच्या वेळी तो पुन्हा अडेल. बहुधा जन्मभर अडेल. शेडरसारखा एकदा उच्चारला की साठून राहील असे माणसाच्या जिभेचे नसते. इथे उपमा संपते, आणि ती संपते हे बरेच आहे. पण आता त्याला बिघाड म्हणण्याची मला घाई नाही.

संगणकाच्या कॅबिनेटवर चिरंजीवांनी एक चिठ्ठी चिकटवली आहे : ‘धूळ साफ — दसरा आणि होळी’. दसऱ्याची सफाई झाली. या वेळी पंखा मी धरला होता.